डिस्प्लेवर त्र्याण्णव

गंगापूर रोड, नाशिक
२१ फेब्रुवारी २०२५

दत्तू भोये यास,
रंगनाथ सोनवणेचा नमस्कार.

हरसूलला तू आणि घरची मंडळी बरी असाल. इकडे माझे गुडघे कुरकुरतात, साखर आटोक्यात आहे. वायनरीतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. अकरा वर्षांनी माझं पत्र बघून म्हणशील, म्हाताऱ्याला आता काय सुचलं. सांगतो, पण आधी आमच्या घरातलं भांडण ऐक.

माझ्या मुलाने, महेशने, दिवाळीत एस्प्रेसो कॉफीचं मशीन आणलं. तो सात वाजताच कामावर पळतो, मग मशीनपाशी मी आणि सूनबाई, निकिता. त्यात बारीक भुकटीतून गरम पाणी जोराने जातं. पाणी साधारण त्र्याण्णव डिग्री हवं. जास्त झालं की कॉफी कडू, कमी पडलं की आंबट. आता तापमान म्हटलं की माझ्यापुढे कोण बोलणार? तीस वर्षं टाक्यांची तापमानं लिहिली मी. खुर्ची टाकून बसायचो. डिस्प्लेवर त्र्याण्णव, आणि कॉफी मात्र कडूजहर. म्हणजे चूक कोणाची? सूनबाईची. तुझा हात जड आहे, भुकटी जास्त दाबतेस, असं तीन महिने तिला ऐकवलं. ती दुसरा कप करून द्यायची.

काल तिने स्वतःसाठी वाफेवर दूध फेसाळलं आणि लगेच माझी कॉफी लावायला घेतली. मी म्हणालो, बघ, त्र्याण्णवच आहे, आता कडू झाली तर तुझ्यामुळेच. तिने कप खाली ठेवला.

"बाबा, इथे हात लावून बघा ना."

कॉफीचा दांडा जिथे अडकवतात त्या धातूच्या तोंडाला बोट लावलं आणि चटका बसला. फोड आलाय, या पत्राचं अक्षर त्यामुळेच वाकडं आहे. मग कपाटातून वायनरीचा जुना थर्मामीटर काढून पडत्या पाण्यात धरला. सत्त्याण्णव. आपल्या नाशकात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं. डिस्प्ले खोटं बोलत नव्हता. त्याचा सेन्सर आत बॉयलरला आहे, तो तिथलं सांगतो. दुधाच्या वाफेने तापलेलं तोंड गार व्हायला वेळ लागतो, आणि कॉफी जळते ती तिथे. सकाळी उलटं होतं. आकडा पाच मिनिटांत येतो, पण तोंड गारच असतं, वीस मिनिटं थांबावं लागतं. उपाय इतका सोपा की लाज वाटावी. दूध झाल्यावर फुरफुर थांबेपर्यंत कपभर पाणी सोडून द्यायचं, मग कॉफी लावायची. आज तसं केलं. कॉफी छान झाली. निकिताही प्यायली. मी मात्र माझा कप तसाच खाली ठेवला.

कारण "हात लावून बघा ना" हे मी आधी ऐकलं होतं.

सात नंबरची टाकी, लाल वाईनची. तू शिडीवरून उतरून केबिनच्या दारात आलास. "सायेब, खाली गार हाय, पन वरून टाकी लय तापली. हात लावून बघा ना." डिस्प्लेवर सत्तावीस होतं, म्हणजे सगळं ठीक. मी एसीत बसून सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्या हाताला मशीनपेक्षा जास्त कळतं होय रे?" सगळे हसले. तूही हसलास. ते तुझं हसणं कालपासून डोळ्यांपुढून हलत नाही. सेन्सर तळाला होता. द्राक्षांच्या साली वर येतात आणि उष्णता त्यांच्यात साठते, हे मी शिकाऊ पोरांना फळ्यावर काढून दाखवत असे. दोन दिवसांत टाकी आंबली. बारा हजार लिटर गटारात सोडले.

चौकशीत विचारलं, कूलिंगचा व्हॉल्व्ह कोणी बंद ठेवला? कोणीच ठेवला नव्हता. माझं प्रमोशन तोंडाशी आलं होतं. मी लिहून दिलं की दत्तू भोयेने ठेवला. खाली सही केली. तू माझ्याकडे बघत होतास, साहेब आता बोलतील म्हणून. मी फाइलमध्ये डोकं घातलं. तुला कामावरून काढलं. संध्याकाळी तू गमबूट धुऊन परत केलेस आणि गेलास. शेती आहे, भात-नागली आहे, त्याचं काही अडत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पुढे कळलं, तू दरवर्षी दिंडोरीला द्राक्षांच्या छाटणीला मजुरीवर येतोस. मी विचारपूससुद्धा केली नाही.

अजून एक आहे. तेच टाळत इथवर आलो.

सोमवारी योगेशचा फोन आला. माझ्या हाताखाली होता तो, आता तिथला मॅनेजर आहे. लॅबसाठी एका मुलीचा अर्ज आलाय म्हणाला, बीएस्सी, मुलाखतीत सगळ्यांत हुशार. नाव संध्या दत्तू भोये. "काका, ही आपल्या त्या दत्तूची का? घ्यायची का?"

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बघ बाबा, तुझं तू ठरव."

त्याला जे समजायचं ते समजलं. समजावं म्हणूनच मी तसं बोललो. ती तिथे लागली तर कधी ना कधी सात नंबरचा विषय निघेल, याची भीती वाटली. अकरा वर्षांपूर्वी निदान प्रमोशनचा लोभ होता. या वेळी तेही कारण नव्हतं.

आज सकाळी योगेशला फोन करून सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, जागा बुधवारी भरली."

कंपनीला लेखी जबाब पाठवलाय, प्रत सोबत जोडली आहे. व्हॉल्व्ह कोणीही बंद केला नव्हता, दत्तू भोयेने वेळेवर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, एवढंच त्यात आहे. पाहुणे वाईन चाखतात त्या हॉलमध्ये माझा फोटो लावलाय. तो उतरवतील. उतरवू देत.

संध्याला हे पत्र वाचायला दे. मुलाखतीत आपलं काय चुकलं, हे ती घरी बसून शोधत असेल. तिचं काही चुकलं नाही. तिच्या आड मी आलो.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुला आणखी एक काम सांगायचा मला हक्क नाही.

खाली सही करतोय. तुला दिलेल्या चौकशीच्या कागदावर केली होती तीच आहे, ताडून बघ.

रंगनाथ सोनवणे
टाकी क्रमांक सात बिघडवणारा