प्रशांतच्या जागी सूनबाई

मंगळवार, संध्याकाळ. सिंदी.

आज मन थाऱ्यावर नाई. प्रशांतले जाऊन दोन महिने झाले, तरी कॉम्प्युटरवर रोज येतेच, 'गुड मॉर्निंग, प्रशांत.' कंपनी परदेशातली. घरूनच काम करे पोरगा, त्यायनं कधी त्याले समोर पाह्यलंच नाई. तेरवी झाली अन् मीच सूनबाईले म्हटलं, "दुकानात बाप नसला तं पोरगा बसते. तू बस त्याच्या जागेवर." तिले काम येते. बसली. त्याच्याच नावानं लिहे.

आज तिथल्या साहेबानं लिहिलं, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, प्रशांत.' सूनबाई रडाले लागली. "बाबा, आता मले नाई जमत."

"रडू नको. व्हिडिओ कॉल लाव, मी बोलतो."

"नोकरी जाईन बाबा."

"जाऊ दे."

साहेब दिसला. म्या सरळ सांगितलं, मी त्याचा बाप, प्रशांत वारला. सूनबाईनं इंग्रजीत सांगितलं. मंग त्यानं इचारलं, 'दोन महिने मले कोण लिहून राह्यलं होतं?'

सूनबाईनं शाळेतल्या पोरीवाणी हात वर केला.

बसवलं तं मीच होतं तिले. माहा हात काऊन नाई उठला?