भंगारात द्यायचं रेग्युलेटर

मांडवा

प्रिय प्रज्योत,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी 'बरा आहे' म्हणून ठेवून देतोस. पत्र असं मधेच कट करता येत नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात नेत्रावहिनी तळा गावाहून आल्या होत्या. पिशवीतून पाण्याखाली श्वास घ्यायचं तुझं जुनं रेग्युलेटर काढून टेबलावर ठेवलं. "ह्यांनी भंगारात द्यायला सांगितलंय, भावोजी. माझ्यानं देववलं नाही." आमच्या हिनं, सगुणानं, चहा ठेवला होता, पण तुला घरी एकटं सोडून आलेल्या, थांबल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "पाय गेला ते त्यांनी सोसलं. पण समुद्राचं नाव काढू देत नाहीत. ताटात मासळीसुद्धा नको म्हणतात." तळ्याच्या रस्त्यावर तुला उडवलं ते ट्रकनं; समुद्रानं तुझं काय वाकडं केलं होतं रे?

ते आठवडाभर तसंच पडून होतं. मग एका सकाळी उघडलं. आत मीठ सुकून दगड झालेलं, पितळेवर हिरवा कळंक, तोंडाकडच्या डबीतला रबरी पडदा पार चिरलेला. जहाजावरून निवृत्त झालेल्या त्या पाणबुड्याकडून तू हे आणलंस तेव्हाही ते जुनंच होतं. पण होड्यांच्या पंख्यांत अडकलेली किती जाळी आपण याच्यावर श्वास घेत सोडवली! एकानं खाली जायचं, दुसऱ्यानं वर दोरी धरायची. दर पावसाळ्यात तू ते खोलून बसायचास आणि मला जवळ बोलूही द्यायचा नाहीस. मी नुसता बघायचो. तेवढंच कामी आलं.

कोमट पाण्यात व्हिनेगर घालून पितळेचे भाग भिजवले. त्यासाठी आईचं पातेलं घेतलं, तर ती ओरडली, "ह्यो कसला हुक्का शिजवतोस रं? आता ह्याच्यात मी कोलबी करू व्हय?" नवे रबरी ओ-रिंग, नवा पडदा मुंबईहून मागवले. सगळं जोडून सिलिंडरला लावलं, तर हवा आपली फुसफुसतच राहिली. दाबाच्या गेजचा काटा एका जागी थांबेना, हळूहळू वर चढत राहायचा. हवा अडवणारी आतली सीट बदलली, तरी तेच. दोनदा चिडून पिशवीत भरलं. शेवटी भिंग घेऊन पाहिलं, तर सीट जिथं टेकते त्या पितळेच्या कडेलाच बारीक ओरखडा. अगदी मऊ पॉलिश पेपरनं, दम धरून घासला. पुन्हा जोडलं, आणि काटा थांबला. मी ओरडलो ते ऐकून आईच घाबरून बाहेर आली.

आधी अंगणातल्या टाकीत डोकं बुडवून बसलो. बटण दाबावं लागलं नाही की जोर लावून हवा ओढावी लागली नाही. श्वास मागितला की मिळत होता. मग परवा गुणाजीकाकांच्या होडीच्या पंख्यात जाळं गुंतलं. सगुणाला दोरी दिली आणि उतरलो. खाली नेहमीसारखा गढूळ काळोख, हातानंच चाचपायचं. कानात फक्त बुडबुडे. जाळं कापून वर आलो, तर सगुणा रडत होती.

ती का रडली, ते तुला ठाऊक नाही. तुझ्या अपघातानंतर मीही पाण्यात उतरलो नव्हतो, प्रज्योत. लोकांना सांगायचो, इंजिनांच्या कामातून वेळ मिळत नाही. खरं म्हणजे वर तू नसताना खाली जायची माझी छाती होत नव्हती. परवा जमलं. आता मला रोज उतरायचंय, आणि एकट्यानं नाही. तू पाण्यात उतर असं म्हणत नाही. ते डॉक्टर आणि तू बघा. पण माझं स्वतःचं रेग्युलेटर खोलून इथं टेबलावर मांडून ठेवलंय. तुझं जोडलं, तेव्हा धोका माझ्या एकट्याच्या जिवाला आहे असं धरून धाडस केलं. आता वर दोरी धरून बसणारी सगुणा आहे, तिला मी सुखरूप हवाय, म्हणून माझं मी जोडणार नाही. ते तू बसवायचंस. रविवारी गाडी घेऊन येतो. नकली पाय लाव, नाहीतर कुबडी घे, पण दारात तयार राहा. मी जवळ बसून एक शब्द बोलणार नाही.

तुझाच,
दीपेश