तक्त्यातला शेवटचा रकाना

प्रिय मामा,

पत्र बघून तुला नवल वाटेल. एकाच शहरात राहतो आपण, दोन बस बदलल्या की तुझी लाँड्री येते. पण सोळा दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, आणि परवा मामीनं दाराची साखळी न काढताच सांगितलं की तू बाहेर गेलायस. तुझी गाडी दारातच उभी होती. म्हटलं, पत्र तरी उघडशील.

मी इथे शिकायला येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद तुलाच झाला होता. विमानतळावर माझी बॅग तू स्वतः ओढलीस आणि गाडीत बसल्याबसल्या विचारलंस, ताई अजून तशीच ओरडते का गं? परक्या देशात आपलं माणूस आहे, आता कसली काळजी, असं मला वाटलं होतं.

व्हिसाचा नियम मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तास काम, वर एक मिनिट नाही. लायब्ररीत परत आलेली पुस्तकं जागेवर लावण्यात माझे अठरा तास जात होते. मग तुझ्याकडची बाई काम सोडून गेली आणि तू म्हणालास, कॉलेज सुटल्यावर जरा हात लाव. मी दोनदा विचारलं, मामा, हे चालेल ना? तू इस्त्री बाजूला ठेवून हसलास. म्हणालास, भाचीनं मामाच्या दुकानात हात लावला तर ती काय नोकरी होते? पगार कुठे देतोय मी तुला? मला ते पटलं. आपल्याकडे कुणालाही पटलं असतं, घरच्या कामाचे तास कोण मोजतं? बिनपगारी कामसुद्धा कामच धरतात, हे माझ्या कागदांत छापलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. ती चूक माझी, ती मी नाकारत नाही.

त्या ‘जरा’चे आठवड्याला बारा तास झाले. कपडे मोजून घ्यायचे, कॉलरला नंबराची चिठ्ठी टाचायची, डाग कशाचा ते विचारून लिहायचं. खरं सांगू, मला आवडायचं ते. तुझं ते बेसूर गुणगुणणं, आणि पँट आखडली अशी तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तुमची तब्येत सुधारलीय म्हणून परत पाठवणं. मी कपड्यांच्या ढिगाआड तोंड लपवून हसायचे.

त्या बुधवारी तपासनीस बाई आल्या तेव्हाही मी चिठ्ठ्याच टाचत होते. ही कोण, त्यांनी विचारलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, ओळखीची विद्यार्थिनी आहे, जादा तासांची परवानगी काढलीय असं तिनंच मला सांगितलं होतं. तू घाबरला असशील, अशी मी स्वतःची समजूत घातली. घाईत माणूस काहीही बोलून जातो. पण गेल्या आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयात तुझा लेखी जबाब माझ्यापुढे ठेवला गेला. तेच वाक्य, नीटनेटक्या अक्षरात, खाली तुझी सही. याला घाई म्हणत नाहीत मामा, केसानं गळा कापणं म्हणतात. लोक एकमेकांना मामा बनवतात, तू मामा असून मलाच बनवलंस. आणि लाज याची वाटते, की अजूनही फोन वाजला की तुझाच असेल म्हणून मी धावते.

कार्यालयातल्या बाई सरळ आहेत. त्या म्हणाल्या, घरच्यांनी चुकीचं सांगितलं असेल तर ताकीद देऊन शेवटचं सत्र पूर्ण करू देता येईल. पण परवानगी असल्याचं मी खोटं सांगितलं असेल, तर व्हिसा रद्द आणि महिन्याभरात परत. काही पुरावा आहे का, असं त्यांनी विचारलं. माझ्याकडे काहीच नव्हतं. भिंतीवरचा कामाच्या वेळांचा तक्ता तू त्याच बुधवारी फाडलास.

मग आठवलं, त्या तक्त्याचा फोटो मी कौतुकानं आईला पाठवला होता. माझा तो फोन बिघडला, पण फोटो आईकडे असणार. मागायचा कसा? तू तिचा धाकटा भाऊ. तुझ्या शिक्षणासाठी तिनं स्वतःचं कॉलेज सोडलं, हे ऐकतच मी मोठी झाले. मी तिला फोन करून सगळं सांगितलं, फोटोचं मात्र तोंडातून निघालं नाही. कुकर झालाय म्हणून तिनं फोन ठेवला. काल सकाळी तिनं फोटो पाठवला. सोबत एक ओळसुद्धा नाही.

तक्त्यात दुकानातल्या बाकी दोघा कामगारांची नावं त्यांच्या लिपीत आहेत. शेवटच्या रकान्यात तू आपल्या भाषेत लिहिलंयस, सोमवार ते शनिवार, सहा वेळा, ‘भाची’. यानं तुझ्या दुकानाचं काय होईल ते मला कळतं, म्हणूनच हे पत्र. मला जसं परक्याच्या टेबलावर कळलं, तसं तुला कळू नये. उद्या अकराला मी तो फोटो बाईंपुढे ठेवणार आहे. हा शब्द काय, असं त्या विचारतील. मी सांगणार आहे.

तुझीच
भाची