सदतीस नंबरचा विकेटकीपर

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०, कंपनीच्या बसमध्ये.
ठरलं. रविवारी १६ तारखेला सोसायटीच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान : 'बबलगममधली क्रिकेट कार्डं, एक इतिहास'. चेअरमन म्हणाले, हॉल रिकामाच असतो. म्हणजे लोकांना उत्सुकता आहे. साठ कार्डांचा सेट, एकोणसाठ माझ्याकडे. फक्त सदतीस नंबरचा विकेटकीपर नाही. इतिहासात असा खड्डा शोभत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. लंच ब्रेक.
सदतीस नंबर संघर्षकडे आहे. चौथीत आम्ही एका बाकावर. त्या एका कार्डासाठी दहा बोलर देऊ केले, तरी दिलं नाही. तेव्हापासून एकोणतीस वर्षं अबोला. आता तो आयटीत, वाकडला सोळाव्या मजल्यावर. त्याच्या दारात जाणार नाही म्हणजे नाही!

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
रविवारी जाणार. इतिहासासाठी. विजयश्री म्हणाली, "अहो, सरळ फोन करा की." बायकोला डावपेच कळत नाहीत. अचानक जायचं, आधी ट्रॅफिकवर बोलायचं, कार्डाचा विषय अगदी शेवटी, सहज.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.
संघर्षनेच दार उघडलं. मी म्हणालो, "सदतीस नंबर आहे का?" डावपेचांचा क्रम थोडा बदलला.
त्याने मिठीच मारली. "ज्योत्या! आता जेवूनच जायचं. आईने मटण केलंय."
अबोल्याचं काढलं, तर म्हणतो, "कसला अबोला? मला वाटलं, तुम्ही घर बदललंत."
म्हणजे एकोणतीस वर्षं मी एकटाच बोलत नव्हतो. घास घशात अडकला. दोनदा वाढून घेतल्यावर उतरला.
त्याच्या आईने, भिमाबाईंनी, कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत विकेटकीपर! "ने की बाळा," म्हणाल्या. फुकट! डावपेच यशस्वी.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.
व्याख्यान झालं. हजर : विजयश्री, वॉचमन, भिमाबाई, संघर्ष, त्याची नऊ वर्षांची मुलगी साक्षी आणि सोसायटीतली सहा पोरं. वॉचमन चौदाव्या मिनिटाला गेट बघायला गेला, तो गेलाच.
साक्षी म्हणाली, "काका, पण हे खेळायचं कसं?"
इतिहास प्रात्यक्षिकाने पटकन कळतो. सेटमधली निम्मी कार्डं तिला दिली. नियम सांगितला : दोघांनी एकेक कार्ड काढायचं, एकाने धावा, झेल किंवा उंची पुकारायची, ज्याचा आकडा मोठा त्याची दोन्ही कार्डं, कायमची. पोरांवर छाप पडावी म्हणून मी सदतीस नंबर काढला. झेलांत त्याला तोड नाही.
पुकारायची पाळी साक्षीची होती. ती म्हणाली, "उंची."
आमचा विकेटकीपर पाच फूट चार इंच. तिचा फास्ट बोलर सहा फूट पाच. तिने दोन्ही कार्डं फ्रॉकच्या खिशात टाकली.
मी समजावलं, हे फक्त प्रात्यक्षिक होतं. सगळी पोरं ओरडली, "चीटिंग! चीटिंग!" संघर्ष म्हणाला, "राव, 'कायमची' तूच म्हणालास." विजयश्रीने टाळ्या वाजवल्या. पूर्ण व्याख्यानात तेवढ्याच.

१७ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.३०, डांगे चौक.
साक्षीचा निरोप आला. कार्ड परत मिळेल, पण बदल्यात तीन तोंडांचा चमकणारा ड्रॅगन पाहिजे. त्याचं कार्ड चिप्सच्या पाकिटात निघतं. दुकानासमोर उभं राहून सात पाकिटं फोडली. सातही वेळा कासव.
दुकानदार म्हणाला, "साहेब, पोरगं केवढं आहे?"
एकोणचाळीस सांगवेना. नऊ म्हणालो.