आधीच बसलेला डोंगर

सोमवार, ३ तारीख
...आणि सगळ्यांच्या आधी टपकला तो उंच साहेब. मागून जाड चष्म्याची मॅडम. औषध कंपनीची माणसं, आमच्या मुलाच्या छापखान्यात! मी दारातच उभी, म्हणून पहिलं हसू मलाच मिळालं. बाटलीवरच्या लेबलांची शाई माझी नात बनवते. ती पक्की घट्ट होते हे मशीनवर दाखवलं तर ऑर्डर, नाहीतर छापखान्याला कुलूप, असं मुलगा म्हणाला. मशीनही कंपनीचंच, उसनं. ती माणसं गुरुवारी परत येणार. नातीला म्हटलं, काळजी कशाला, मी आहे ना.

मंगळवार, ४. दुपार
नातीने समजावलं. शाईवर जांभळा दिवा धरला की ती सेकंदात घट्ट होते. मशीन न दिसणारा उजेड सोडतं आणि रेघ काढतं, डोंगर-डोंगर. त्यातला एक डोंगर कच्च्या शाईचा. शाई घट्ट होते तसा तो खाली बसतो. किती सेकंदात किती बसला, ते मोजायचं. चौथी शिकलेलीला कळलं, म्हणजे नात हुशार. किंवा मी.
ती बाहेर गेल्यावर तिची लॅब झाडली. खिडकीच्या काचांना कळकट पिवळा कागद! पाहुणे काय म्हणतील? सोलून काढला. काचा लख्ख. वर पांढरा पडदा. कागद चांगला जाड, माझ्या कपाटात अंथरला. टाकायचं कशाला?

बुधवार, ५
डोंगरच नाही! दिवा लावायच्या आधीच बसलेला. सहा पट्ट्यांवर शाई ओढली, सहाही तशाच. मी म्हटलं, बरंच की, दिव्याचे कष्ट वाचले. ती म्हणाली, आजी, कच्चीच नसेल तर घट्ट होताना मोजू काय? आणि रडली. मुलगा ओरडला, तुझंच काहीतरी मापात चुकलं. मी मशीनला नावं ठेवली. उसनं ते उसनंच.
निश्चय: लॅबच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही.

गुरुवार, ६. सकाळी ९
एकदाच ठेवला. शाईच्या नव्या पट्ट्या कोपऱ्यात कोंडल्या होत्या. खिडकीशी सरकवल्या, उजेडात छान दिसतात.

गुरुवार, पाहुणे गेल्यावर
सपाट. परत सपाट. नातीने डब्यातली ताजी शाई ओढली, बोलणी होईतो तीही घट्ट. साहेब म्हणाला, आपोआप घट्ट होणारी शाई आमची यंत्रं बंद पाडेल. मॅडमने पडद्याकडे दोनदा पाहिलं. आवडला असणार.
आता काय करू? नवस नको, उपास नको, काहीच सुचेना. पडदा धुऊन टाकला.

शनिवार, ८
मॅडमचा फोन. उन्हानेही ही शाई घट्ट होते, तुमच्या खिडकीला ते अडवणारा पिवळा कागद नाही का? नात म्हणाली, आहे की. खिडकीपाशी गेली. नुसत्या काचेवरून बोट फिरवलं.
मला विचारलं. मी म्हटलं, वाऱ्याने उडाला असेल.
संध्याकाळी माझे वाळलेले कपडे ठेवायला तिने कपाट उघडलं.
कागद काढला, कपडे पुन्हा नीट रचले. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी मुलाला सगळं सांगितलं. त्याने कंपनीला फोन केला. ऑर्डर कालच दुसऱ्याला गेली.
कागद मीच परत चिकटवला. थोडा तिरका बसलाय.
कंपनीची माणसं पुढच्या गुरुवारी, १३ तारखेला, अकरा वाजता परत येणार आहेत. मशीन न्यायला.