सालीसकट

डोकमर्डी, सिल्वासा
८ फेब्रुवारी १९९७

प्रिय नारायण,

दर दिवाळीला तुझं एक पोस्टकार्ड येतं. त्यात तुझ्या नर्सरीची खबर असते, पावसाची असते आणि शेवटी ठरलेली एक ओळ असते: 'तुझ्या रायवळाला काही लागलं का?' बियापासून उगवलेल्या माझ्या झाडाला तू रायवळच म्हणतोस. दरवर्षी मी 'नाही' एवढंच लिहिते. यंदा मुद्दाम उशीर केला, कारण उत्तर बदललं आहे आणि त्यावर माझा विश्वास बसायचा होता. शेवटी एक मागणंही आहे. ते मनासारखं मांडता येईल की नाही याची खात्री नाही आणि त्याला वेळ थोडा आहे. पण आधी हे ऐक.

लागलं, नारू. पानं कमी आणि फळं जास्त, असं लागलं आहे. सकाळी मागचं दार उघडते आणि उंबऱ्यातच थांबते. बोराएवढी, लांबट, केशरी फळं फांद्यांच्या टोकापर्यंत दाटली आहेत. उन्हं कंपनीच्या भिंतीवरून आली की एकेक फळ आतून पेटल्यासारखं दिसतं. मुलांना वीस वर्षं फुलाचे भाग शिकवले, पण तिथे उभी असते तेव्हा त्यातलं काहीही मला उपयोगी पडत नाही.

झाड रुजलं त्या दिवसांत तू इथे नव्हतास, म्हणून तो प्रसंग लिहिते. आई माझ्याकडे राहायला आली त्याच हिवाळ्यात आमच्या मुख्याध्यापिका रोशनीबेन दार्जिलिंगला जाऊन आल्या आणि मूठभर कुमक्वाट, म्हणजे बोराएवढी संत्री, घेऊन घरी आल्या. आई नखाने साल काढायला लागली तशा त्या ओरडल्या, "काकी, छिलके के साथ!" आईने संशयाने आख्खं फळ तोंडात टाकलं, चावलं आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "अगो, हे माझ्या सासूच्या उलटं! वरनं गोड, आत आंबट. ती वरनं आंबट नि आत..." बी जिभेने गालात सारून ती पुढे म्हणाली, "आत काय ते कुणी बघितलंन?" रोशनीबेनना मराठी बेताचंच येत होतं, तरी त्या पोट धरून हसल्या. रात्री रोजनिशीत मी वाक्य लिहून ठेवलं. आईचं हसणं कसं लिहायचं ते मला तेव्हाही सुचलं नाही, अजून सुचत नाही.

तोंडातलं बी आईने दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात मातीत खोचलं. फार दिवस काहीच झालं नाही. मी डबा फेकायला निघाले होते, तर ती म्हणाली, "राहू दे गो, त्याला कुठे गाडी पकडायची आहे?" आणि एका सकाळी एकाच बियातून दोन कोंब वर आले. तिने मला अंथरुणातून उठवून दाखवले. "जुळं! एक शैलाचं, एक नारूचं." कुठलं कुणाचं ते सांगितलं नाही. ती गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एक वाळलं. दुसरं मी डब्यातून काढून मागच्या दारी लावलं. उरलेलं तुझं की माझं, हे मला आजतागायत माहीत नाही.

आई गेली तेव्हा तू काय म्हणालास ते तुलाही आठवत असेल. दमणगंगेच्या घाटावर, ओल्या पंच्याने तोंड पुसत तू म्हणालास, "ताई, आपल्या मातीतनं उपटून आणलीस तिला. तिथे असती तर आणखी जगली असती." आई स्वतःच्या मनाने आली होती, इथे तिला चार बायका भेटल्या होत्या, हे मी सांगू शकले असते. पण तुझं म्हणणं सर्वस्वी खोटं आहे असं मला तेव्हा म्हणवेना. त्यानंतर तू सिल्वाशाला आला नाहीस. झाडाचं मात्र विचारत राहिलास. 'बियाचं झाड नातवासाठी लावतात,' 'त्याच्या फांदीचे डोळे पाठव, जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरतो, तीन वर्षांत फळ देतो.' मी पाठवले नाहीत. परक्या खुंटावर कलम नको, हे आपल्याच मुळांवर उभं राहील, असं मला वाटत होतं. हा हट्ट होता की श्रद्धा, ते मी बऱ्याचदा तपासलं. दोन्ही असावं.

इतकी वर्षं सोबतीला होती ती शेजारची माणसं. झुंबर रावेरकडचा, केळीच्या गावचा. यार्नच्या कंपनीत शिफ्ट करतो, पण हात अजून शेतकऱ्याचे आहेत. झाडाला फळ येत नाही म्हटल्यावर त्याची बायको कोंडाबाई कुंपणावरून टोमणा मारायची, "बाई, हे संत्रंबी नई नि बोरबी नई, नुसतं भाडं न देनारं भाडेकरू हाये!" झुंबर तिला दटावायचा. दर मे महिन्यात तो फावडं घेऊन यायचा आणि केळीला घालतात तशी मातीची भर झाडाच्या बुंध्याला घालायचा. "बाई, पाय झाकला म्हनजे झाड पडत नई." मी चहा ठेवायची. त्याच्या मायेने रचलेला तो ढीग बघून मला बरं वाटायचं.

दोन वर्षं फुलं आली आणि गळून गेली. यंदाच्या आषाढात आली ती टिकली. दिवाळीला हिरवे मणी दिसले, संक्रांतीनंतर रंग चढला. पहिलं फळ मी हातात धरून कितीतरी वेळ उभी होते. बियाच्या झाडाचं काही सांगता येत नाही, ते आंबटढाण निघेल, बेचव निघेल, हे तूच मला शिकवलंस. मग सालीसकट तोंडात टाकलं. वरून गोड, आत आंबट, आणि शेवटी जिभेवर तोच बारीक कडवटपणा. नारू, तेच फळ होतं. तेरा वर्षांपूर्वीचं, तेच.

नवसारीच्या कृषी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, लिंबाच्या कुळात असं होतं. एका बियात परागापासून झालेला एक कोंब असतो आणि कधी त्याच्याशेजारी दुसरा, ज्यात बापाचा अंशही नसतो. तो निव्वळ आईच्या अंगातून उगवतो. तो मूळ झाडाचं मूल नसतो, मूळ झाडच असतो. दोन कोंबांपैकी कुठला कोण, हे बघून सांगता येत नाही. फळ लागेपर्यंत थांबावं लागतं. बसमध्ये परत येताना मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. इतकी वर्षं मागच्या दारी काय उभं होतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

आता मागणं. बुंध्यातून डिंक वाहतो आहे. प्राध्यापकांना सालीचा तुकडा दाखवला, तर ते म्हणाले, हा डिंक्या रोग. कुमक्वाट स्वतःच्या मुळावर नाजूकच, त्यात मागचा पाऊस, आणि बुंध्याला चढलेली माती. माती बाजूला केली तेव्हा आतली साल बोटाने निघाली. एवढी फळं कशाने लागली, तेही त्यांनी सांगितलं. जाणारं झाड असंच करतं. पुढचा पावसाळा ते बघणार नाही. झुंबरला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्याने विचारलं तर पाऊस जास्त झाला म्हण. तेही खरंच आहे.

म्हणून तू ये. चाकू घेऊन ये, जंबेरीची रोपं घेऊन ये. शेंड्याच्या फांद्या अजून निरोगी आहेत, त्यांचे डोळे भर आणि ती तुझ्या मातीत ने, दुसऱ्याच्या मुळांवर का होईना. हे लिहिताना माझी हार होते आहे का, ते मी दोन दिवस शोधलं. सापडली नाही. डोळे मी पोस्टाने पाठवू शकले असते, तू कसे बांधायचे तेही कळवलं होतंस. पण तू ते फळ अजून खाल्लेलं नाहीस. दक्षिणेकडची एक फांदी मी राखली आहे, कोंडाबाईलाही हात लावू देत नाही. तू आलास की मागच्या दारात उभा राहा, एक तोड आणि साल काढू नकोस. मी थांबेन. झाडाला थांब म्हणता येत नाही.

तुझीच,
शैलाताई