दुखवट्यातली खजुरी

९ मार्च
माळीकामाचा पंधरावा दिवस! वाळवंटातल्या तोझूरच्या सरकारी बागेत बाई माळी मी पहिलीच. मेअखेर हेडमाळी लारूसीकाकांनी चांगलं लिहून दिलं तर कायम. नाहीतर घरी.
काका म्हणाले, "गुलाबांना पाणी घाल, पोरी. खजुरीवर चढणं बायकांचं काम नाही."

१४ मार्च
मोहोर फुटलाय, हात कमी पडतात, म्हणून मलाही चढू दिलं! फळ धरावं म्हणून नराच्या फुलांच्या काड्या मादीच्या तुऱ्यात खोचायच्या, वरून पातीची गाठ. सहा झाडं केली. मांड्या सोलवटल्या.
पाणी सोडणारा हसूना खालून ओरडला, "ताई, समुद्र दिसतो का?"
"दिसतो. तुझं टक्कलही."

१५ मार्च
कोपऱ्यातली सगळ्यात उंच खजुरी कुणी करत नाही. सहा वर्षं फळ नाही. वाळक्या झावळ्यांचा नुसता घागरा.
"दुखवट्यात आहे ती," काका म्हणतात. रस्त्यासाठी शेजारचा नर तोडला, तेव्हापासून. "दुखवट्यातल्या बाईला हात लावतात का?"
सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

१७ मार्च
चढले! काका शुक्रवारच्या नमाजाला गेले होते.
अर्ध्याच्या वर, जुन्या झावळीच्या खुंटात एक कोयता अडकलेला. गंजलेला. दांड्यावर काकांची खूण. वाळक्या झावळ्या तोडत शेंड्याला पोचले. जुने तुरे तिथेच वाळून गेलेत — एकावरही गाठ नाही.
दुखवटा कसला! काका कोयत्यापर्यंत आले आणि भ्याले.
सातही नवे तुरे बांधले. मग उतरले.

१८ मार्च
कोयता ओढणीत गुंडाळून दिला. कुणी नसताना.
"कुठे होता?"
"कुंपणापाशी सापडला, काका."
माझ्याकडे बघत राहिले. मग खाली पडलेल्या झावळ्यांकडे. मग म्हणाले, "गुलाबांना पाणी घातलंस?"

२ एप्रिल
काका मला कामंही हसूनाकरवी सांगतात.

११ मे
उंच खजुरीला फळं धरली! हिरवे मणी, एकेक सुटा. बी न धरलेली फळं तीन-तीन चिकटून वाढतात, ही तशी नाहीत. हसूना चिखलात नाचला!
बागेचे साहेब बघायला आले. "काय लारूसी, दुखवटा संपला वाटतं?"
मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.
काका म्हणाले, "दुखवटा कसला, साहेब. मी घाबरलो होतो."
सगळे हसले, थट्टा समजून. काका हसले नाहीत.

२८ मे
उद्या काका लिहून देणार.

२९ मे
सकाळी अवजारांच्या खोलीत माझ्या खुंटीवर तो कोयता. धार लावलेली. दांडा नवा, ऑलिव्हच्या लाकडाचा, बारीक. मुठीत धरून पाहिला. काकांच्या पंजात तो बसणारच नाही.